कोकणातल्या बायांनो, वजन उचलता का? आपले अनुभव लिहा

रत्नागिरीहून हा धागा सुरू करते आहे. बारबेल, डंबेल, नाहीतर वाळू भरलेली बरणी, काहीही चालेल. ज्या वजन उचलण्याचा व्यायाम करतात त्यांनी कशामुळे सुरू केला आणि काय फरक पडला ते लिहा. ज्या करत नाहीत त्यांनी काय आड येतं ते लिहा.

माझं मत आधीच सांगते. आपल्याकडे हा विषय काढला की उत्तर ठरलेलं: "आम्ही काय कमी उचलतो? हंडे, कवळाचे भारे, चिरे, माशांच्या टोपल्या!" खरंच आहे. पण तिथे भार किती घ्यायचा ते काम ठरवतं, आपलं शरीर नाही. कळशी कायम एकाच कमरेवर, जेवण सगळ्यांच्या मागून, आणि पाठ धरली तरी दुसऱ्या दिवशी तेच. व्यायामात झेपेल तेवढ्यानं सुरुवात होते, हळूहळू किलो-दोन किलो वाढतात, मधे विश्रांतीचा दिवस असतो. स्नायू भरतात ते त्या विश्रांतीत. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्यातून किमान २ दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करायला सांगते, चालण्याव्यतिरिक्त. मांडवीच्या किनाऱ्यावर संध्याकाळी चालणाऱ्या बायका पुष्कळ दिसतात. वजन उचलणाऱ्या फार थोड्या.

दापोली, निवृत्त शिक्षिका

पाळी गेल्यानंतर काही वर्षांत उंबऱ्याला अडखळून पडले आणि मनगट मोडलं. तपासणीत हाडांची घनता कमी निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्याच, शिवाय सांगितलं की हाडांवर बेताचा ताण पडत राहिला तर ती टिकतात, नुसत्या आरामानं आणखी झिजतात. पाळी थांबली की इस्ट्रोजेन हे बायकांचं संप्रेरक घटतं आणि पहिल्या काही वर्षांत हाडं भराभर विरळ होतात. हे मला साठीच्या तोंडावर कळलं. मुलींनो, तुम्ही चाळिशीतच सुरू करा.

मनगट भरून आल्यावर डॉक्टरांना विचारूनच व्यायामशाळेत गेले. सुरुवातीला हातात फक्त काठी. पाठ सरळ ठेवून, पार्श्वभाग मागे नेत कसं वाकायचं एवढंच शिकले. मग बायकांचा बार, म्हणजे चकत्या लावायची लोखंडी दांडी, जी नुसतीच १५ किलोची असते. त्यावर चकत्या चढायला बरेच महिने गेले. आता भरलेला सिलिंडर, म्हणजे जवळजवळ ३० किलो, मी स्वतः सरकवते. पण मला सर्वांत मोलाचं वाटतं ते वेगळंच. पावसाळ्यात शेवाळलेल्या पाखाडीवरून उतरताना पाय भक्कम पडतात. आधी मी आषाढ-श्रावण घरातच काढायचे.

मालवण, मासे विकणारी

मी बाजारात मासे इकतंय. डोक्यार टोपली घेवन मान आनि खांदो कायम दुखा. चेडवान माका व्यायामशाळेत नेल्यान. पयल्या दिसाक लाज वाटली, सगळे पोरगेच हुते. आता डंबेल वडूचो नि पाठीचो व्यायाम करतंय. टोपली तीच आसा, पन सांजच्याक मान धरना नाय. दुपारी जावा, गर्दी नसता.

चिपळूण, कॉलेजची विद्यार्थिनी

मी खेळ म्हणून करते, स्नॅच (बार एका दमात डोक्यावर) आणि क्लीन अँड जर्क (आधी खांद्यापर्यंत, मग डोक्यावर). "पुरुषासारखी दिसशील," हे घरीदारी ऐकते. बायकांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन, म्हणजे स्नायू वाढवणारं संप्रेरक, पुरुषांच्या मानानं फारच कमी असतं, त्यामुळे तसे दंड सहजासहजी होत नाहीत. ताकद मात्र वाढते.

बायकांचं वेटलिफ्टिंग ऑलिंपिकमध्ये आलंच २००० साली, सिडनीत. तिथे करनम मल्लेश्वरीनं ६९ किलो गटात कांस्य घेतलं. ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. टोकियोत मीराबाई चानूनं ४९ किलो गटात क्लीन अँड जर्कला ११५ किलो उचलून रौप्य आणलं. स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त! मीराबाई लहानपणी मणिपूरमध्ये सरपणाचे भारे वाहायची. आमच्या वरच्या वाडीतल्या मुलीही वाहतात. त्यांच्या हातात बार देणारं कोणी तालुक्या-तालुक्यात असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

देवगडजवळचं गाव

जवळपास जिम नाही. मी पाच लिटरच्या कॅनमध्ये पाणी भरते, म्हणजे बरोबर ५ किलो. तेवढ्यातच वाळू भरली की वजन बरंच वाढतं. पडवीत स्क्वॉट (उठाबशा), कॅन दोन्ही हातांत घेऊन अंगणात फेऱ्या, आणि भिंतीला टेकून जोर. नंतर भावानं जुना बार आणून दिला. खाऱ्या हवेनं तो लगेच गंजतो, म्हणून वापरून झाला की पुसून शिवणयंत्राचं तेल लावायचं. जून-जुलैत तळहात ओले राहतात, बार घसरतो. सुका पंचा जवळ ठेवा.

अलिबाग, दोन मुलांची आई

बाळंतपणानंतर शिंकलं की लघवी सुटायची. याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून लिहिते. थेट वजनाला हात लावू नका. आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टकडून ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे व्यायाम शिका. मग हलकं वजन, आणि उचलताना श्वास सोडायचा, कोंडायचा नाही. माझा त्रास आता जवळजवळ गेला आहे.

खाण्याचं म्हणाल तर बांगडा, अंडी, कुळथाची पिठी आपल्या घरातच आहे. श्रावणात मासे बंद झाले की मूग, चणे आणि दही वाढवते. आणि पहिली वाढ मी माझ्या ताटात घेते.

रत्नागिरी, पुन्हा मी

गुहागरहून एकीनं विचारलंय, गुडघे दुखतात, सुरू करू का? सूज असेल किंवा गुडघा अडकत असेल तर आधी दाखवून घ्या. नसेल तर उंच खुर्चीवर हात न टेकता सावकाश बसा-उठा, दिवसाआड, दमाल त्याच्या थोडं आधी थांबा. ते सोपं वाटायला लागलं की छातीशी तांदळाची छोटी पिशवी धरा. कसं जमतंय ते इथेच कळवा.