रावळगावला धुराडं पुन्हा पेटवायचं, पण कशासाठी?

मोसमकाठ (धागाकर्ता)

परवा सटाण्याला एका लग्नात पंगतीत शेजारी बसलेल्या काकांनी नातवाला खिशातून गोळी काढून दिली. गोळी होती रावळगावची पान पसंद. मग काय, मठ्ठा येईपर्यंत रावळगावचाच विषय. आमच्या ओळीतल्या सगळ्यांचं एकमत झालं, की या भागाचं भलं व्हायचं तर रावळगावचा, दाभाडीचा, विठेवाडीचा, सगळ्या साखर कारखान्यांची धुराडी पुन्हा धडाक्यात पेटली पाहिजेत. मी एकटाच विरुद्ध होतो, आणि जिलबी तोंडात असल्यामुळे मला धड बोलताही आलं नाही. म्हणून इथे लिहितोय.

रावळगाव म्हणजे मालेगाव तालुक्यातलं. नाशिक शहरातल्या नव्या पिढीला ते फक्त चॉकलेटचं नाव वाटतं, गावही आहे हे माहीत नसतं. वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली तिथे रावळगाव शुगर फार्म उभा केला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९३२ ला, इंग्रज सरकारनं देशी साखरेला आयातशुल्काचं संरक्षण दिलं होतं. जावाची स्वस्त साखर अडली आणि देशभर कारखान्यांचं पेव फुटलं. रावळगाव त्या लाटेतलं. म्हणजे गावात गोडवा होता म्हणून कारखाना आला असं काही नाही, कायद्यामुळे आला.

दुसऱ्या कायद्यानं तो मोडायला सुरुवात झाली. खासगी कारखान्यांची ताकद होती स्वतःच्या मळ्यात. ऊस आपला, पाणी आपलं, तोड आपली. १९६१ ला कमाल जमीनधारणेचा कायदा आला, मळे कारखान्यांच्या हातून गेले आणि १९६३ ला सरकारच्या शेती महामंडळाकडे आले. गिरणीला दात राहिले, घास दुसऱ्याच्या हातात गेला. त्यानंतर जे झालं ते लांबलेलं आजारपण.

माझं म्हणणं एवढंच आहे: उसाची हळहळ आणि कारखान्याची हळहळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोकांना आठवतो तो सात तारखेचा पगार, कॉलनीतला दिवा, शाळा, दवाखाना. त्यासाठी गिरणा नदीच्या तुटीच्या (पाणी कमी पडणाऱ्या) खोऱ्यात बारा ते अठरा महिने पाणी पिणारं पीक पुन्हा आणायचं? रावळगावनं त्याचं उत्तर १९४२ लाच दिलं होतं. साखर पोत्यात भरून विकण्याऐवजी तिची गोळी करून विकली. डोकं तिथं होतं.

---

कसमादेकर

धागा छान, निष्कर्ष चूक. नाशिकला बसून उसाच्या पाण्याचा हिशेब मांडणं सोपं असतं, भाऊ.

कळवण-सटाणा-मालेगाव-देवळ्यात आज काय आहे? कांदा आणि डाळिंब. डाळिंबाला तेल्या रोग आला तेव्हा लोकांनी बागाच्या बागा उपटून बांधावर जाळल्या. कांद्याचं तर विचारूच नका. ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यातशुल्क, ८ डिसेंबरला थेट निर्यातबंदी, उठली ती पुढच्या मे महिन्यात, तीही अटी घालून. त्या पाच महिन्यांत उमराण्याच्या बाजाराला ट्रॅक्टर घेऊन गेलेल्या माणसाला विचारा उसाचं पाणी जास्त का कांद्याचे अश्रू जास्त.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या एकाच पिकाला कायद्यानं भाव बांधून मिळतो, तो उसाला. एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर. कारखान्याला त्याच्या खाली जाता येत नाही. कांद्याला अशी एक तरी ओळ कुठल्या आदेशात दाखवा, मी उद्यापासून ऊस बंद म्हणेन.

---

मोसमकाठ

मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण कागदावर.

१९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात असंही लिहिलंय, की ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे. आमच्या वडिलांनी एका कारखान्याला (नाव घेत नाही, दुसऱ्या जिल्ह्यातला होता) ऊस घातला. पहिला हप्ता मिळाला, दुसऱ्यासाठी तीन वर्षं चपला झिजवल्या. शेवटी काट्याच्या पावत्या देवघरातल्या डब्यात गेल्या. अजून आहेत, आई दिवाळीला झाडताना बघते आणि परत ठेवते.

कांद्याचा भाव पडतो, पण रडू त्याच दिवशी येतं. उसाचं हप्त्याहप्त्यानं येतं.

---

पॅनमनचा मुलगा

तुम्ही दोघं शेतकऱ्याच्या बाजूनं भांडताय. कारखान्यात माणसंही होती.

माझे वडील पॅनमन. साखर कारखान्यात इंजिनिअर मोठा, चीफ केमिस्ट मोठा, पण दाणा पडतो पॅनमनच्या नजरेवर. उकळत्या पॅनमधला थेंब काचेवर घ्यायचा, उजेडासमोर धरायचा आणि दाणा पुरेसा वाढलाय का ते सांगायचं. मिनिट चुकलं की सगळा लॉट बारीक. असं कसब असलेली माणसं गावोगाव होती, आणि आता त्यातले कितीतरी जण मालेगावात कुणाच्या यंत्रमागावर हिशेब लिहितात नाहीतर सिडकोत सोसायटीच्या गेटवर बसतात.

आणि भोंगा! कारखाना चोवीस तास, पाळ्या तीन, भोंगेही तसेच. आजीकडे घड्याळ नव्हतं. ती अहिराणीत म्हणायची, "भोंगा वाजना का चुल्हा पेटना." दिवाळीच्या आसपास बॉयलर पेटायचा, गव्हाणीत पहिली मोळी पडायची, आणि त्या दिवसापासून अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी. आई शिव्या द्यायची. हंगाम संपला की कपडे स्वच्छ आणि घरातले पैसेही स्वच्छ, कारण हंगामी कामगाराला मग रिटेन्शनवर, म्हणजे बंद काळातल्या अपुऱ्या पगारावर, दिवस काढायचे.

मोसमकाठ म्हणतात दिवा, शाळा, दवाखाना हवा पण ऊस नको. अहो, पण तो दिवा बगॅसवर जळत होता! उसाचा चोथा बॉयलरला, वाफ टर्बाइनला, वीज कॉलनीला. एक काढून दुसरं कसं ठेवणार?

---

वाढं

नाव मुद्दाम घेतलंय. उसाचा वरचा हिरवा शेंडा म्हणजे वाढं, आणि तोडणाऱ्याच्या हाती मजुरीबरोबर पडायचं ते तेवढंच. ते विकून मिठामिरचीचं भागायचं.

माझे आईवडील नांदगाव तालुक्यातून तोडीला जायचे. मुकादमाकडून उचल घ्यायची, दसरा झाला की बैलगाडीत संसार भरायचा, कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, घालायची. भोंगा आम्हालाही ऐकू यायचा. दिवा लांबून दिसायचा. कॉलनीची शाळा रस्त्याच्या पलीकडेच होती, पण आम्ही त्या गावचे नव्हतोच ना, सहा महिन्यांचे पाहुणे. मी चौथी दोनदा केली, कारण परीक्षेच्या वेळी आम्ही फडात असायचो. साखरशाळा (तोडकऱ्यांच्या पोरांसाठी हंगामी शाळा) वगैरे शब्द फार नंतर ऐकले.

तुमच्या सगळ्यांच्या आठवणी खऱ्या आहेत. फक्त त्या फाटकाच्या आतल्या आहेत.

---

पॅनमनचा मुलगा

ताई/दादा, याला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या आईनं कोपीवरच्या बायांना पाणी भरू दिलं म्हणून शेजारीण बोलली होती, एवढं मात्र आठवतं.

---

शिंदे-पळसे

चर्चा एका खासगी कंपनीच्या गावावरच फिरतेय. खरा मामला सहकाराचा आहे. १९५० ला लोणीला प्रवरेचा कारखाना उभा राहिला, विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगीळ यांनी तो उभा केला, आणि त्यानंतर ऊसवाला मालक झाला. आपल्या जिल्ह्यात दाभाडीचा गिरणा, निफाडचा निसाका, विठेवाडीचा वसाका, आमच्या पळश्याचा नासाका, सगळे सहकारी कारखाने. चारही कधी ना कधी बंद पडले, हे मान्य. पण मातेरेवाडीचा कादवा आहे की. म्हणजे रोग उसात नाही, कारभारात आहे.

खासगी मालकाला गाव म्हणजे ताळेबंदातली एक ओळ. २०२४ च्या फेब्रुवारीत काय झालं बघा. पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक ही सगळी नावं, त्यांच्या कृती, बोधचिन्हं रिलायन्सच्या कंपनीला २७ कोटींत दिली. जमीन आणि यंत्रं मूळ कंपनीकडे राहिली, नाव गेलं. साखरेचा धंदा तर त्याआधीच हातून गेला होता. ज्यांना डोकं चॉकलेटमध्ये दिसतं त्यांनी हे लक्षात घ्यावं. डोकं विकता येतं. सभासदाचा शेअर असा परस्पर विकता येत नाही.

---

सुट्टे पैसे

२७ कोटी! लहानपणी किराणावाल्यानं मला सुट्ट्याऐवजी जेवढ्या रावळगावच्या गोळ्या दिल्यात, त्यातच माझे दोन-तीन कोटी असतील. आता सगळे स्कॅन करून पैसे देतात, रुपया अडतच नाही. त्यात असंघटित मालाची स्पर्धा, कच्चा माल महाग, आणि गोळी मात्र रुपयाचीच. रुपयाच्या गोळीचा भाव वाढवायचा म्हणजे थेट दुप्पट करायचा, मधलं नाणं चालतंच कुठे?

बाकी वाढदिवसाला वर्गात रावळगाव वाटणारे आणि इक्लेअर वाटणारे असे दोन वर्ग आमच्या शाळेत होते, तो विषय या धाग्यात नको.

---

कसमादेकर

@शिंदे-पळसे, सभासदाचा शेअर विकता येत नाही, पण जिल्हा बँकेचं कर्ज थकलं की अख्खा कारखाना लिलावात निघतो. तेव्हा सभासदाला कोण विचारतं? सहकाराची आरती पुरे. मला कारखाना कुणाचाही चालेल, चालू पाहिजे. शेवऱ्याचा द्वारकाधीश खासगीच आहे, ऊस तिकडे जातोच.

---

फडकरी

जरा जुनं काढतो. उसाला परका ठरवू नका. मोसम, आरम, पांझरा या नद्यांवर तीनचारशे वर्षांपासून बंधारे आणि फड पद्धत आहे. बंधाऱ्याखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात ऊस, बाकीच्यांत हंगामी पिकं, आणि दरवर्षी आळीपाळीनं बदल. पाणी सोडायला पाटकरी, राखायला जागल्या, सगळ्यांना धान्यात मोबदला. नदीत पाणी कमी दिसलं की उसाचा फड लहान करायचा हे गाव बसून ठरवायचं. गुऱ्हाळं होती, गूळ व्हायचा.

कारखान्यानं नेमकं हेच उलटं केलं. गुऱ्हाळ उसाप्रमाणे चालतं, कारखान्याप्रमाणे ऊस लावावा लागतो. गाळपक्षमता ठरली की ती भरायची. नदीला कुणी विचारत नाही. वर चणकापूर, खाली गिरणा धरण, त्याखाली जळगावकर पाण्याची वाट बघत बसलेले. तेव्हा ऊस हवा का नको हा प्रश्नच मला वेडगळ वाटतो. किती हवा आणि कोण ठरवणार, यावर बोला.

---

मोसमकाठ

फडकरी, हे मूळ धाग्यात असायला हवं होतं. माझ्या आजोबांचं शेत फडातच होतं आणि मी बिनदिक्कत "ऊस पाणी पितो" लिहून मोकळा झालो. ती ओळ मागे घेतो. 'तुटीचं खोरं' मात्र मागे घेत नाही.

@शिंदे-पळसे, नाव विकलं याचा राग मलाही आला होता. पण जरा विचार करा, २७ कोटींना का होईना, विकण्यासारखं काही उरलं होतं ते गोळीचंच. साखरेच्या पोत्यावर कुणी गावाचं नाव वाचतं का? आणि वालचंदशेठना नुसते ताळेबंदवाले म्हणून मोडीत काढू नका. त्यांनी १९४० ला बंगळुरात काढलेल्या विमान कंपनीच्या (आजच्या एचएएलच्या) नावावरच पुढे आपल्या ओझरला मिग बनले. ती सरकारनं घेतली, तरी ओझरची टाऊनशिप आहे तिथे आहे. म्हणजे मालक बदलला की गाव मरतंच असं नाही. काम गेलं की मरतं.

आणि काम यायची जागा आता ठरलेली आहे. महामंडळाच्या त्याच जमिनीवर काष्टीला कृषी विज्ञान संकुल झालं, अजंग-रावळगावला औद्योगिक वसाहत आली. कांदा वाळवा, डाळिंबाचे दाणे भरा, मक्याचं काहीतरी करा. भोंगा पाहिजे तर तिथे वाजवा.

---

पॅनमनचा मुलगा

औद्योगिक वसाहतीत भोंगा नसतो हो. ठेकेदाराची गाडी येते, सकाळी नेते, रात्री सोडते. राहायला खोली नाही, शाळा नाही, नाव हजेरीपटावर दुसऱ्याच कंपनीचं. मी सातपूर-अंबडला बारा वर्षं केलंय ते. तिथे बाकी सगळं होतं, पण "आमचा कारखाना" असं म्हणणारा एक माणूस भेटला नाही. वडील निवृत्त झाल्यावरही तसंच म्हणायचे, आणि आई त्यांना दरवेळी विचारायची, तुमचा म्हणजे किती वाटा?

---

वाढं

वसाहतीत गेल्या वर्षी माझा भाचा लागलाय, डाळिंब-कांद्याच्या प्रक्रियेचं युनिट आहे. मोजून आठ तास, पैसे खात्यावर. ठेकेदाराचाच आहे, कायम नाही, तुम्ही म्हणता तसंच. पण त्याची पोरगी यंदा दुसरीत आहे आणि जूनपासून मार्चपर्यंत एकाच शाळेत आहे.

---

कसमादेकर

बरं. पण त्या युनिटला कांदा ज्या भावानं घेतात, तो कुठल्या आदेशात लिहिलाय ते अजून कुणी सांगितलं नाही.