मदत हवी आहे: झाडं लावणाऱ्या तरुण गटात चुकलेलं काम सुधारून कसं घ्यायचं?

नमस्कार मंडळी,

शहरात झाडं लावणं आणि लावलेली जगवणं, हे काम करणाऱ्या एका गटात मी तीन महिन्यांपासून उपप्रमुख आहे. गटात आठ जण, वयं १८ ते २४. मी २६ ची. आमच्यावर एक प्रमुख आहेत, पण त्यांच्याकडे एकाच वेळी तीन गट असल्यामुळे दिवसातला बहुतेक वेळ मुलांबरोबर मीच असते. झाडांचं मला बऱ्यापैकी कळतं, दोन वर्षं याच कामात खड्डे खणले आहेत. माणसं सांभाळायचं काम मात्र पहिल्यांदाच अंगावर आलंय. गेल्या आठवड्यात माझ्या हातून एक गोष्ट झाली, ती डोक्यातून जात नाहीये.

रस्त्याकडेच्या पट्ट्यात ४० रोपं लावायची होती. गटातला एक मुलगा मनापासून काम करणारा आहे, बोलतो कमी. त्याने त्या दिवशी सात रोपं लावली. संध्याकाळी फेरी मारताना लक्षात आलं की त्यातली पाच खोल गेली आहेत. बुंधा जमिनीतून थेट खांबासारखा वर आलेला. खाली जिथे बुंधा पसरट होतो आणि मुळं फुटतात, तो भाग मातीत गाडलेला. बाकीचे हत्यारं धुवायला गेले होते. मी एकटीनेच ती पाच रोपं उकरून, वर उचलून पुन्हा लावायला घेतली. तिसऱ्या रोपाशी होते तेव्हा मान वर केली, तर तो पाण्याचा कॅन घेऊन उभा. काही बोलला नाही. कॅन खाली ठेवला आणि गेला.

दुसऱ्या दिवसापासून तो प्रत्येक खड्ड्यापाशी मला हाक मारतो. "ताई, बरोबर आहे ना?" आधी तो स्वतः ठरवायचा. आता खड्डा किती रुंद, आळं किती मोठं, काठी कुठे रोवायची, सगळं मला विचारून. आणि बाकीच्यांनाही हे कळलंय. परवा दोघी जणी बोलताना ऐकलं, "राहू दे, ताई बघून घेईल."

कुणी म्हणेल की एवढ्यासाठी रोपं उकरायची कशाला. पण खोल लागलेलं झाड लगेच मरत नाही, हाच त्यातला धोका आहे. पहिली दोन-तीन वर्षं पानं छान येतात. बुंध्याच्या सालीला सतत ओल लागून ती कुजायला लागते, मुळांना हवा कमी पडते, काही मुळं बुंध्याभोवतीच वळसा घालून त्याला आवळतात. झाड वाळतं तेव्हा लावणारा गट कधीच पांगलेला असतो. मला ते तसंच सोडून घरी जाता आलं नसतं.

तर विचारायचंय ते हे. त्याच्याशी आता कसं बोलू? पुढे चूक दिसली तर ती त्याच्याच हातून कशी सुधारून घ्यायची, त्याचा हुरूप न घालवता? शिवाय आमच्या रोजच्या अहवालात एकच रकाना आहे, आज किती रोपं लावली. मुलं त्या आकड्यासाठी धावतात आणि मीही धावते. प्रमुखांशी याबद्दल बोलायचं कसं? ज्यांनी असे गट सांभाळलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

ताई, वीस वर्षं झाडांच्या देखभालीत घालवली आहेत, त्यावरून सांगतो. बाकी सगळ्याच्या आधी एक तपासा. खोलीबद्दल तुम्ही मुलांना नेमकं काय सांगितलं होतं?

बहुतेक ठिकाणी सांगतात की पिशवीतल्या मातीची वरची पातळी जमिनीला जुळवा. लक्षात ठेवायला सोपं आहे, पण घात इथेच होतो. रोपवाटिकेत रोप लहान पिशवीतून मोठ्या पिशवीत जातं तेव्हा दर वेळी वरून थोडी माती पडते. दोन-तीन पिशव्या बदलल्या की बुंध्याचा पसरट भाग चांगला चार बोटं मातीखाली गेलेला असू शकतो. अशा रोपाची पिशवी जमिनीला तंतोतंत जुळवली तरी झाड खोलच बसणार. तुमचा मुलगा कदाचित सांगितल्याबरहुकूम वागला असेल.

म्हणून खड्ड्याला हात लावायच्या आधी पिशवी फाडायची आणि वरची माती बोटांनी सारत जायचं, बुंध्यातून पहिलं जाड मूळ फुटलेलं लागेपर्यंत. वरवरची केसासारखी मुळं फसवतात, त्यांच्यापाशी थांबायचं नाही. त्या जाड मुळापासून मुळांसकटच्या मातीच्या गोळ्याच्या तळापर्यंतची उंची हीच खड्ड्याची खोली, त्याहून जास्त नाही. तळाची माती हलवायची नाही, नाहीतर पाणी दिल्यावर रोप खचतं आणि पुन्हा खोल जातं. रुंदी मात्र गोळ्याच्या दोन-तीनपट घ्या, कारण मुळांना आडवं पसरायचं असतं. मुळं पिशवीत गोल फिरलेली दिसली तर गोळ्याला बाजूंनी तीन-चार उभे काप द्या. तशीच लावली तर ती गोलच वाढत राहतात.

रोप खड्ड्यात ठेवलं की फावड्याचा दांडा खड्ड्यावर आडवा टाकायचा. पसरट भाग दांड्याला लागला पाहिजे, किंवा किंचित वर. हे बघायला अनुभव लागत नाही, दांडा लागतो. आणि बघायचं माती लोटायच्या आधी, जोडीदाराने. खड्डा उघडा असताना रोप वर घ्यायला अर्धा मिनिट लागतो आणि त्यात कुणाचा पाणउतारा होत नाही. संध्याकाळी तुम्ही एकटीने फेरी मारलीत की ती परीक्षा होते.

धागाकर्ती

वाचून गप्पच झाले. मी नेमकं तेच सांगितलं होतं. पहिल्या दिवशी, आठही जणांसमोर, "पिशवीची माती आणि जमीन एका पातळीत." मलाही तसंच शिकवलेलं. ती पाच रोपं मी वर उचलली तीही संध्याकाळी बुंधे खांबासारखे दिसले म्हणून. लावायच्या वेळी माती सारून बघायचं मी कुणालाच शिकवलेलं नाही.

प्रतिसाद २

मी त्या मुलाच्या जागेवर होतो. तेव्हा १९ वर्षांचा होतो, काम छाटणीचं. एक फांदी मी बुंध्याला अगदी घासून कापली. फांदी जिथे बुंध्याला मिळते तिथे सालीचा एक फुगीर कडा असतो, तो साफ उडाला. आमच्या प्रमुखाने माझ्या हातातून करवत घेतली आणि उरलेल्या फांद्या स्वतः कापल्या. ओरडला नाही. त्याला वाटलं असेल आपण समजुतीने घेतोय. मला वाटलं, आपल्यावरचा याचा विश्वास उडाला. पुढचे दोन महिने मी फक्त फांद्या ओढायचं काम करत राहिलो. कुणी सांगितलं नव्हतं, माझं मीच.

नंतर दुसऱ्या गटात गेलो. तिथल्या बाई मला जुन्या छाटलेल्या झाडांपाशी घेऊन गेल्या. एका झाडावर दोन जखमा होत्या. एकीत नवी साल चारही बाजूंनी गोल चढत आलेली. दुसरीत फक्त दोन्ही कडांनी, वर आणि खाली लाकूड उघडंच. "बोट फिरवून बघ," म्हणाल्या. खालच्या बाजूला बोट मऊ भुश्यात गेलं. मग त्यांनी समजावलं की झाड जखम बरी करत नाही, ते तेवढा भाग आतून भिंती घालून कोंडतं आणि वरून नवं लाकूड चढवतं. फुगीर कडा शाबूत असेल तरच हे नीट जमतं. अमेरिकेच्या वनसेवेतल्या अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडं उभी चिरून हे बघितलं आणि १९७७ मध्ये त्याची मांडणी केली, हे मला खूप नंतर कळलं. पण ते बोट अजून आठवतं. त्यानंतर कडा वाचवायला मला कुणाला सांगावं लागलं नाही.

तेव्हा त्याला चूक सांगू नका, दाखवा. आणि त्या सात रोपांची देखभाल त्याच्याकडेच द्या. पाणी, आच्छादन, काठीची दोरी, सगळं.

प्रतिसाद ३

वरच्या दोन्हींना +१. एवढंच म्हणेन की माफी मागणार असाल तर थोडक्यात मागा. लांबलचक माफीत समोरच्यालाच तुमची समजूत काढावी लागते.

प्रतिसाद ४

थोडा वेगळा मुद्दा. "दाखवा, विचारा, त्यांचं त्यांना ठरवू द्या" हे लागवडीला ठीक आहे. सुरक्षेच्या बाबतीत असं अजिबात करू नका. तिथे उपप्रमुखाने एका शब्दात थांबवायचं आणि बाकीच्यांनी त्या क्षणी थांबायचं, हे पहिल्याच दिवशी ठरलेलं असलं पाहिजे. कुदळ किंवा टिकाव चालू असेल तर आजूबाजूला तीन मीटर मोकळे. डोक्याच्या वर करवत चालू असेल तर खाली कुणी नाही. पहार मारण्याआधी जमिनीखालून विजेची तार, गॅसची वा पाण्याची नळी गेली आहे का, याची खात्री.

आणि ऊन. नव्याने आलेल्या माणसाचं शरीर उन्हाला सरावायला एक ते दोन आठवडे लागतात. पहिल्या दिवशी त्याला उन्हातल्या कामाचा पाचवा हिस्साच द्यावा आणि रोज तेवढाच वाढवत न्यावा, असा संकेत आहे. तरुण मुलं हे ऐकत नाहीत, त्यांना मागे पडायचं नसतं. दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी, तहान लागो न लागो. कुणी असंबद्ध बोलायला लागलं, पावलं अडखळली, तर त्याला थकवा समजू नका. सावलीत न्या, अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला आणि वैद्यकीय मदत बोलवा, तीही ताबडतोब. हे मी पोटतिडकीने लिहितोय कारण एकदा आमच्याकडे असं घडलंय आणि आम्ही दहा मिनिटं "बसू दे जरा" म्हणत वाया घालवली होती. मुलगी वाचली.

प्रतिसाद ५

अहवालाबद्दल. प्रमुखांकडे तक्रार घेऊन जाऊ नका, दुसरा रकाना भरून घेऊन जा. आज लावलेली किती, आणि त्याशेजारी, मागच्या महिन्यातली जिवंत किती. कुणाची परवानगी लागत नाही. चार आठवडे भरा आणि मग कागद समोर ठेवा. झाडाचा शहराला जो उपयोग, सावली, गारवा, पावसाचं पाणी अडवणं, तो पानांच्या पसाऱ्यातून येतो, खड्ड्यांच्या संख्येतून नाही. शहरातल्या झाडांचे अभ्यासक सेसिल कोनायनेंडायक यांनी २०२१ मध्ये मांडलेला ३-३०-३०० हा नियम बघा: प्रत्येक घरातून ३ झाडं दिसावीत, प्रत्येक वस्तीच्या ३० टक्के भागावर झाडांच्या पानांचं छत्र असावं, आणि जवळची बाग ३०० मीटरच्या आत असावी. त्यात लावलेल्या रोपांचा आकडा कुठेच नाही.

आणि तुमच्या जागेबद्दल. १९३३ ते १९४२ या काळात अमेरिकेत सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर नावाची मोठी योजना होती. सुमारे ३० लाख तरुण तिच्यातून गेले आणि सुमारे ३०० कोटी झाडं लागली. बरीचशी मुलं शहरातून आलेली, कुऱ्हाड कधी हातात न धरलेली. म्हणून त्या त्या भागातली कामात मुरलेली माणसं मुद्दाम नेमली जात आणि ती मुलांबरोबर उभी राहून काम शिकवत. तुमचं काम त्या माणसाचं आहे असं मला वाटतं. त्यामुळे निदान पहिले दोन तास तुम्हीही एका जोडीत खड्डा खणा, आणि तुमचा खड्डा तुमच्या जोडीदाराला तपासू द्या.

धागाकर्ती (सहा दिवसांनी)

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते लिहिते.

त्या मुलाला घेऊन त्याच्या रोपांपाशी गेले. सांगितलं की मी जे शिकवलं तेच चुकीचं होतं, तू बरोबर तसंच केलंस, आणि तुझ्या माघारी हात घातला तेही चुकलं. मग मी न उचललेल्या दोन रोपांपैकी एकाची माती आम्ही दोघांनी सारली. दोन बोटं, तीन बोटं, पाचव्या बोटाला जाड मूळ लागलं. म्हणजे जी मला बरोबर वाटली होती तीही खोलच होती. तो बराच वेळ त्या मुळावर अंगठा ठेवून बसला. मग म्हणाला, "ताई, मग आधीच्या रस्त्यावरच्या झाडांचं काय?"

मला हे सुचलंच नव्हतं. मी आल्यापासून सगळी रोपं त्याच एका वाक्यावर लावली गेली आहेत.

दोन दिवस आठही जण जोड्या करून ती तपासत होतो. १३६ पैकी ५१ खोल निघाली. आता माती लोटायच्या आधी दांडा आडवा पडतो, आणि माझ्या खड्ड्यावर तोच टाकतो. काल त्याने माझं रोप एकदा वर घ्यायला लावलं. अहवालात दुसरा रकाना सुरू केलाय. प्रमुखांना ५१ चा आकडा सांगितला, ते आधी चिडले, पण दोन दिवस दुरुस्तीसाठी दिले.

एक प्रश्न उरलाय. यातली बरीचशी लावून दोन-अडीच महिने झाले आहेत, नवी पानं फुटली आहेत. ती उचलायची, की नुसती बुंध्याभोवतीची माती काढायची?

प्रतिसाद १

बुंधा दोन-तीन बोटंच गाडला असेल तर उचलू नका. पसरट भाग उघडा होईपर्यंत माती काढा आणि बाहेरच्या बाजूला उतार ठेवा, म्हणजे बुंध्यापाशी पाणी साचणार नाही. आच्छादनही बुंध्यापासून वीतभर लांब ठेवा. त्याहून खोल असतील ती उचला, पण आदल्या संध्याकाळी भरपूर पाणी द्या, म्हणजे गोळा फुटणार नाही. बुंध्याला धरून ओढायचं नाही. दोघांनी दोन बाजूंनी फावडं खाली घालून गोळ्यासकट वर घ्यायचं. उन्हाच्या आधी उरका, आणि पुढचे दोन आठवडे पाण्यात खंड पडू देऊ नका.

धागाकर्ती

आज संध्याकाळी १९ रोपांना पाणी देतोय, ती खोल आहेत. उद्या पहाटे सहाला सुरुवात. कुणी कुठलं उचलायचं याची यादी त्यानेच केली आहे.