हेवीझ: आईच्या गुडघ्यांसाठी तीन दिवस पुरेत का? (जरा घाई आहे)

सई_के: आईचे गुडघे फार दुखतात, म्हणून तिला हंगेरीत हेवीझच्या गरम पाण्याच्या तलावावर न्यायचंय. तीन रात्रींचं बुकिंग केलंय, आज रात्रीपर्यंतच फुकट रद्द होतं. तीन दिवसांत फरक पडेल का? तलावात उतरायचं की हॉटेलच्या टाकीत? इथून गाडीने जाणार आहोत.

कडूनिंब: इथून म्हणजे कुठून? महिना कोणता? आईंना बीपी, हृदयाचं काही? पोहता येतं का? यातलं काहीच लिहिलं नाहीये.

भटक्या_७: शेंगेनचा व्हिसा काढताना प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो, विसरू नका.

सई_के: व्हिसा विचारलाच नाहीये! आई इथेच आहे, व्हिएन्नात. ऑक्टोबर. बीपीची गोळी चालू आहे, आटोक्यात आहे. पोहता येत नाही.

कडूनिंब: मग आधी हे वाचा. तलाव साधारण ४.४ हेक्टरचा, झऱ्याच्या मुखाशी ३८ मीटर खोल. पायाला तळ लागत नाही. पाण्यात धरायला दांडे आहेत, पण पोहता न येणाऱ्याने रबरी रिंग घ्यायचीच. उन्हाळ्यात पाणी ३५ अंशांच्या आसपास, हिवाळ्यात २२-२३ पर्यंत उतरतं. ऑक्टोबर मधला. थंडी वाजली तर सांधे उलट आखडतात, तेव्हा गरम ठेवलेली आतली टाकी बरी. एका वेळी अर्धा तास, मग बाहेर येऊन तेवढीच विश्रांती. 'पैसे भरलेत' म्हणून दोन तास डुंबलं की चक्कर येते.

मोरपंखी: बालाटन तलावाकाठच्या बालाटनफ्यूरेड गावाला न्या हो! हेवीझ नुसती गर्दी. फ्यूरेडला टागोरही १९२६ मध्ये उपचाराला गेले होते, त्यांनी लावलेलं लिंडनचं झाड आहे तिथे.

कडूनिंब: टागोर हृदयासाठी गेले होते. फ्यूरेडचं पाणी थंड आणि कार्बन डायऑक्साइडवालं, गाव हृदयाच्या रुग्णालयासाठी प्रसिद्ध. गुडघ्याला त्याचा काय उपयोग?

मोरपंखी: बालाटनचा काठ तर सुंदर आहे ना. मनाला बरं वाटलं की दुखणंही कमी होतं.

वैद्यबुवा: एवढ्या लांब कशाला? आपल्याकडे वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडं आहेत की.

सई_के: काका, आई व्हिएन्नात आहे. माझा प्रश्न तीन दिवसांचा होता.

पाठकणा: तीन दिवसांत सैल वाटेल, पण त्याला उपचार म्हणता येणार नाही. संधिवाताचा कोर्स साधारण दोन-तीन आठवड्यांचा: पाणी, चिखलाचा लेप, मसाज, व्यायाम, आणि सगळं डॉक्टर तपासून लिहून देणार. हॉटेलवाले 'वजनाचं स्नान' विकायला बघतील. ते डॉ. कारोय मोल यांनी मणक्यासाठी बसवलेलं तंत्र, माणसाला पाण्यात टांगून वजनाने मणके ताणायचे. गुडघ्यासाठी घेऊ नका. आणि मुख्य म्हणजे गुडघा सुजलाय का? हाताला गरम लागतो का?

सई_के: उजवा सुजलाय, थोडा गरमही आहे. अहो, त्यासाठीच तर नेतेय!

पाठकणा: मग आत्ता नेऊच नका. दाह ताजा असताना गरम पाणी आणि लेप दोन्ही टाळायचे, सूज वाढते. आधी व्हिएन्नातच सांध्याच्या डॉक्टरांना दाखवा. सूज उतरल्यावर जा.

कडूनिंब: +१. आज रद्द करा. पुढे जाल तेव्हा जोडवी, पैंजण काढून ठेवा. पाण्यात गंधक आहे, चांदी काळी पडते. सोन्याला काही होत नाही.

मोरपंखी: मुलामा दिलेल्या मंगळसूत्राचं काय?

कडूनिंब: खाली चांदी असेल तर काढा.

भटक्या_७: शाकाहारी असाल तर तिथे बीन्सचं सूप मागवण्याआधी विचारा, बरेचदा धुरावलेलं मांस असतं. लांगोश (तळलेली जाड पुरी) खा.

सई_के: बुकिंग रद्द केलं. आता सांध्याचा डॉक्टर शोधते. लांगोशबद्दल कोणी विचारलं होतं?