मदत हवी आहे: रॉ व्हिडिओसाठी मॅजिक लँटर्न टाकलेला ५डी मार्क ३ की ब्लॅकमॅजिक पॉकेट ४के?

नमस्कार मंडळी,
सिंधुदुर्गातल्या दशावतारावर माहितीपट करतोय. जत्रेतले प्रयोग रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतात, त्यामुळे उजेड कमी आणि चित्रीकरण लांबलचक. मित्राचा कॅनन ५डी मार्क ३ कॅमेरा वापरायला मिळतोय, त्यात मॅजिक लँटर्न (कॅननच्या कॅमेऱ्यात रॉ व्हिडिओची सोय देणारं अनधिकृत सॉफ्टवेअर) आहे. त्याचं १४-बिट रॉ (सेन्सरवरचं प्रक्रिया न केलेलं चित्र) मला मनापासून आवडतं: रंगवलेल्या चेहऱ्यांवरचे लाल-पिवळे रंग, त्वचेची छटा, फुल फ्रेमची खोली. पण १०८०पी, २४ फ्रेमला सेकंदाला सुमारे ८७ एमबी लागतात, म्हणजे ३२ जीबीचं कार्ड सहा मिनिटांत संपतं. शिवाय मॅजिक लँटर्नच्या एमएलव्ही फाइली आधी सिनेमा डीएनजी या रॉ फॉरमॅटमध्ये बदलायच्या, मग ग्रेडिंग (रंग जुळवणं). पहाटे थकलेल्या डोळ्यांनी कार्ड रिकामी करत बसणं जिवावर येतं.

दुसरा पर्याय सेकंडहँड पॉकेट ४के हा सिनेमा कॅमेरा. यूएसबी-सी एसएसडीवर थेट रेकॉर्डिंग, कॉम्प्रेस केलेलं ब्लॅकमॅजिक रॉ, आवाजासाठी मिनी एक्सएलआर माइक-जोडणी आणि ४०० व ३२०० असे दोन नेटिव्ह आयएसओ (सेन्सरची मूळ प्रकाश-संवेदनशीलता). सेन्सर मात्र मायक्रो फोर थर्ड्स, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान आणि लेन्सची जोडणीही वेगळी, त्यामुळे माझ्या कॅनन लेन्सना अ‍ॅडॅप्टर आलाच. बॅटरी दोन्हींना एलपी-ई६च चालते, पण पॉकेट ती फार लवकर पिते.

माझा कल पॉकेटकडे आहे, कारण गणपती-सरस्वतीच्या प्रवेशापासून सलग चित्रीकरण हवंय.

ज्यांनी रंगमंचावरचे रात्रीचे प्रयोग यांपैकी कशावरही शूट केलेत, त्यांनी सांगा: ३२०० आयएसओला सावल्यांतला नॉइज (चित्रातले दाणे) कितपत सांभाळता येतो? स्पीडबूस्टर (जास्त उजेड आणि रुंद दृश्य देणारा भिंगाचा अ‍ॅडॅप्टर) घ्यावाच का? रात्रभरासाठी वीज कशी पुरवता?