अनुभव धागा: रोजाच्या भाड्याने दिली जाणारी घरे आणि आपली गल्ली

दळणकांडण:
छत्रपती संभाजीनगरात आम्ही ज्या गल्लीत भाड्याने राहत होतो, तिथली पिठाची गिरणी बंद झाल्याचे परवा कळले आणि ज्वारीचे डबे नंबराने लावून ठेवायचे ते दिवस आठवले. त्या गल्लीतली बरीच घरे आता वेरूळ-अजिंठा पाहायला येणाऱ्यांना ॲपवरून एक-दोन रात्रींसाठी दिली जातात. अकरा महिन्यांच्या करारावर राहणारे कुटुंब महिन्याचा किराणा भरते, दुधाचा रतीब लावते, आठवड्याला दळण टाकते. दोन रात्रींचा पाहुणा जेवणही बाहेरून मागवतो. घरमालकाला चार पैसे अधिक मिळतात याचा आनंदच आहे, परंतु ते मिळताना गल्लीतल्या कोणाकोणाचे गिऱ्हाईक तुटते, याचे आपापल्या गावचे अनुभव कृपया लिहावेत.

तुळजापूरकर:
आमच्याकडे घरी उतरण्याची रीत ॲपच्या कितीतरी आधीची आहे. पुजाऱ्यांच्या घरी त्यांचे यजमान पिढ्यान्‌पिढ्या उतरतात, नैवेद्याच्या पुरणपोळीचा स्वयंपाक तिथेच होतो आणि त्यासाठीची हरभऱ्याची डाळ व गूळ जवळच्याच दुकानातून येतो, त्यामुळे एका घरच्या पाहुण्यांवर चार घरांची चूल पेटते. बाहेरगावच्या माणसाने केवळ गुंतवणूक म्हणून घेतलेल्या फ्लॅटचे तसे नसते. नवरात्रात आणि कोजागरीच्या गर्दीत मिळालेले भाडे थेट त्याच्या गावी जाते. ज्याच्याकडे जादा खोली आहे त्याला जोडधंदा मिळाला, आणि ज्याला राहायलाच खोली हवी आहे त्याचे भाडे वाढले, असे मला स्पष्ट दिसते.

पैठणगेट:
माझी काकू चार घरची धुणीभांडी करायची. महिन्याचा पगार ठरलेला असायचा, दिवाळीला साडी मिळायची, अडीअडचणीला उचलही मिळायची. आता ती अशाच घरांच्या खोल्या झाडते आणि चादरी बदलते. पैसे खोलीमागे मिळतात, तेही पाहुणा आला तरच. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडच्या उन्हात पर्यटक फिरकत नाहीत, तेव्हा तिचे हात रिकामे असतात.

बालाघाट:
कामानिमित्त परदेशी वाऱ्या होतात, म्हणून लिहितो. बार्सिलोनाच्या महापौरांनी जून 2024 मध्ये जाहीर केले की पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या 10,101 घरांचे परवाने नोव्हेंबर 2028 पर्यंत संपवायचे. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर 2023 पासून 30 दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी घर द्यायचे, तर घर देणाऱ्याने नोंदणी करून पाहुण्यांबरोबर त्याच घरात राहावे लागते. आपल्या शहरांवर तेवढा ताण नाही, त्यामुळे सरसकट बंदी मला योग्य वाटत नाही. मात्र मालक तिथेच राहत असल्याची अट इथेही असावी, कारण तो राहतो तेव्हा त्याचा किराणाही गल्लीतच भरला जातो.

तुळजापूरकर:
@बालाघाट, पूर्ण सहमत.

पैठणगेट:
दळणकांडण ताई, गिरणीवाले काका आता काय करतात?

दळणकांडण:
काका घरीच असतात. त्यांचा मुलगा याच पर्यटकांना वेरूळला नेणारी गाडी चालवतो आणि गिरणीपेक्षा बरे सुटते म्हणतो. गाडी मात्र त्याची नाही. ज्यांनी त्या गल्लीत तीन घरे घेतली, त्यांचीच ती आहे.