साध्या स्पीकरवर आवाज टोचतोय, काय करू? मदत हवी आहे
मंडळी, माझ्याकडे ४ इंची वूफरचे (जाड, खालचे सूर वाजवणारा भाग) छोटे बुकशेल्फ स्पीकर आणि एक जुना स्टिरिओ अ‍ॅम्प आहे, महागडं काही घ्यायचं नाहीये, आहे त्यातूनच चांगलं ऐकायचंय. आधी दोन्ही स्पीकर कोपऱ्यात भिंतीला चिकटवून ठेवलेले तेव्हा बास नुसता घुमायचा, डग्गा आणि तानपुरा एकमेकांत मिसळून जायचे. मग दीड-दोन फूट पुढे ओढले, ट्वीटर (बारीक, वरचे सूर वाजवणारा भाग) कानाच्या उंचीवर आणले, आणि दोन स्पीकर नि माझी खुर्ची असा समभुज त्रिकोण केला तर काय सांगू, गाणारा अगदी समोर मधोमध बसलाय असं वाटायला लागलं! खर्च शून्य.

आता अडचण अशी की आवाज जरा वाढवला की गाण्यातले स, श कानाला टोचतात. फाइल्स ३२० केबीपीएसच्या, म्हणजे चांगल्या दर्जाच्या आहेत त्यामुळे दोष तिथे नसावा असं मला वाटतं. खोलीत फरशी उघडी, पडदेही नाहीत. मग आधी जाड पडदे आणि गालिचा टाकून बघू का इक्वलायझरमध्ये (वेगवेगळे सूरपट्टे कमी-जास्त करायची सोय) ६ ते ८ किलोहर्ट्झ २-३ डेसिबल खाली घेऊ? की अ‍ॅम्पच क्लिप होतोय (म्हणजे ताकदीबाहेर वाजवल्याने आवाज फाटतोय), आणि ते नुसतं ऐकून ओळखायचं कसं? स्पीकर ६ ओहमचे (विजेला होणारा अडथळा) आहेत, अ‍ॅम्पवर मात्र ८ लिहिलंय, त्याचाही काही संबंध असेल का? कोणी हे करून पाहिलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.