मदत हवी आहे: सॅमसंगचा मिटणारा फोन, पहिला गॅलेक्सी झेड फ्लिप (२०२०), वापरलेल्यांचे अनुभव. ७२ वर्षांच्या बाबांसाठी घ्यावा का?

आर्द्रा

मंडळी, थोडक्यात विचारायचा प्रयत्न करते, पण आमच्या घराण्यात थोडक्यात काही होत नाही.

बाबा चिपळूणला असतात. त्यांच्याकडे बरीच वर्षं मोटोरोलाचा रेझर होता, तो पातळ, मिटणारा. बोलणं संपलं की टप्पकन मिटायचा आणि खिशात. आता साधा स्मार्टफोन आहे आणि रोजची कटकट एकच, कॉल बंद होत नाही. लाल गोल दाबला असं त्यांना वाटतं, फोन तसाच शर्टाच्या खिशात जातो आणि मला इकडे ठाण्यात बसून मासळीवालीशी चाललेली घासाघीस ऐकू येते. शिवाय फोन खिशातून अर्धा बाहेर. मागच्या वर्षी पेसमेकर बसवल्यापासून वाकण्याची कामं कमी केली आहेत, तरी झाडांना पाणी घालताना फोन बादलीत जाता जाता वाचलाय.

आत्तेभाऊ त्याचा पहिला झेड फ्लिप विकायला काढतोय. ४जी वाला, काळा, ८ जीबी रॅम, २५६ जीबी. तेव्हा त्याने १,०९,९९९ रुपयांना घेतला होता. आता "तुला काय द्यायचं ते दे" म्हणतोय, म्हणजे पुढची दहा वर्षं प्रत्येक लग्नकार्यात ऐकवणार.

बाबांचा वापर: कॉल, व्हॉट्सॲप, नातीशी व्हिडिओ कॉल, गूगल पे. सिम दोन, जिओ आणि बीएसएनएल. गेम वगैरे काही नाही. ज्यांनी हा फोन खरंच वापरलाय त्यांनीच सांगा. यूट्यूबवरचे "पहिल्या दिवसाचे अनुभव" पाहून झालेत, ते सगळे सारखेच खूश असतात.

मी_डोंबिवलीकर

माझ्याकडे होता, लॉकडाऊनच्या आधी घेतलेला. आता बायकोकडे आहे आणि चालू आहे.

सगळ्यात आधी तुमच्या "टप्प"बद्दल. मिटवून कॉल संपवता येतो आणि त्यात मजा आहेच. उघडून कॉल घ्यायची सोयही कॉल सेटिंगमध्ये आहे. पण रेझर अंगठ्याने उडवायचो तसा हा उडत नाही. बिजागरी मुद्दाम घट्ट ठेवली आहे, अर्धवट उघडा तर तिथे थांबते. त्यामुळे एका हाताने उघडायचा म्हणजे अंगठ्याचं नख फटीत घालून कसरत. मी दोन्ही हातांनीच उघडायचो. लोकलमध्ये लटकताना फोन आला की सरळ बाहेरून स्वाइप करायचं, मग स्पीकरवर बोलणं आणि अख्ख्या डब्याला कळणं.

उघडल्यावर तो आखूड नाही, चांगला लांबट आहे, ६.७ इंच. बोटाचा ठसा बाजूच्या बटणावर घेतो आणि ते बटण बरंच वर. माझा हात मोठा आहे म्हणून चाललं, बायको अजून पॅटर्नच काढते.

बॅटरी ३३०० एमएएच. माझ्या वापराला संध्याकाळी चार्जर लागायचा, बाबांना कदाचित दिवस पुरेल. पण आता ती जुनी झालेली असणार हे धरून चला.

जुनाजाणता

आधी अपडेटचं. फोन अँड्रॉइड १० वर आला आणि १३ वर थांबला. सुरक्षेचे पॅचही आता येत नाहीत. ज्या फोनवर गूगल पे आहे, त्यातही वयस्कर माणसाच्या हातात आहे, तिथे मला हे आवडत नाही. ॲप चालतील, प्रश्न तो नाही.

दुसरं, सिमची जागा एकच आहे. दुसरं सिम ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच नोंदवलेलं सिम, करावं लागेल. तुमच्या बाबतीत बीएसएनएल खऱ्या सिमवर ठेवून जिओ ई-सिमवर न्यायचं. होतं सगळं, पण उद्या हा फोन पडला तर जिओचं सिम काढून जुन्या फोनमध्ये टाकणं होणार नाही, तुम्हाला ठाण्याहून निस्तरावं लागेल.

तिसरं पाणी. पाण्यापासून संरक्षणाचं कुठलंही रेटिंग याला नाही. ते २०२१ च्या फ्लिप ३ पासून आलं. चिपळूणचा जुलै आणि तुमची ती बादली, दोन्ही लक्षात घ्या.

पडद्याबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो. काच आहे, पण ३० मायक्रॉनची, म्हणूनच ती वाकते, आणि तिच्यावर प्लास्टिकचा थर आहे. बोट लागतं ते त्या थराला. नखाने ओरखडा पडू शकतो. मधली घडी उन्हात दिसते, अंगठा फिरवला की लागते. दोन दिवसांत सवय होते. बिजागरीत धूळ अडवायला बारीक तंतू बसवलेत, पण वाळूपुढे त्यांचं किती चालणार? २ लाख घड्यांचा जो दावा आहे तो दिवसाला १०० वेळा धरला तर साधारण साडेपाच वर्षं होतात. तुमच्या आत्तेभावाने त्यातल्या किती संपवल्या ते त्यालाच ठाऊक.

पानसुपारी

मी ६६ वर्षांची, हाच फोन मुलाने दिला होता. तुझ्या बाबांच्या वयाच्या बाजूने बोलते, आर्द्रा.

व्हिडिओ कॉलला याच्यासारखा फोन नाही गं. अर्धा मिटवून टेबलावर ठेवायचा, आपोआप उभा राहतो. मी कणीक मळता मळता सिडनीच्या नातवाशी बोलते. डब्याला टेकवून ठेवलेला फोन घसरून सारखं छत दिसणं बंद झालं.

पण बाहेरची पट्टी! १.१ इंच. वेळ दिसते, बॅटरी दिसते, कोणाचा फोन आहे ते नाव सरकत जातं आणि मी चष्मा शोधेपर्यंत निघून जातं. म्हणजे बघायला उघडावाच लागतो. माझी बोटं संधिवाताची. थंडीत सकाळी तो उघडणं म्हणजे बरणीचं झाकण फिरवण्यासारखं. उन्हाळ्यात काही नाही वाटत.

आणि एक. कडेला प्लास्टिक जरासं सुटल्यासारखं वाटलं म्हणून इथल्या एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात नेला. तो मुलगा म्हणाला, "काकू, हे स्क्रीनगार्ड आहे, नवीन टाकून देतो", आणि नख घालून पडद्याचा तो थरच ओढायला लागला. माझा मुलगा सोबत होता म्हणून फोन वाचला. बाबांच्या घराजवळ असा मदत करणारा कोणी उत्साही आहे का, ते आधी बघ.

स्टेथो

धागा वाचतोय आणि कोणीच त्या एका वाक्यावर थांबलं नाही. पेसमेकर.

या फोनमध्ये चुंबकं आहेत, तो मिटून राहतो तो त्यांच्याच जोरावर. कार्डं आणि शरीरात बसवलेली वैद्यकीय उपकरणं दूर ठेवा असा इशारा कंपनी स्वतःच देते. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था) २०२१ मध्ये अशा सगळ्याच चुंबकवाल्या उपकरणांसाठी निदान ६ इंच, म्हणजे १५ सेंटिमीटर अंतर सुचवलंय. पेसमेकर बहुतेक वेळा डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली बसवतात. शर्टाचा खिसा बरोबर त्याच्या खाली. म्हणजे ज्या गुणासाठी तुम्ही हा फोन घेताय, मिटून वरच्या खिशात नीट मावणं, तोच इथे अडचणीचा.

घाबरवत नाही. चुंबक जवळ आलं की पेसमेकर बंद पडत नाही. तो हृदयाचं न ऐकता ठरावीक वेगाने ठोके द्यायला लागतो, आणि चुंबक दूर गेलं की पुन्हा पूर्ववत होतो. तपासणीच्या वेळी डॉक्टर मुद्दाम तसं करतात. पण झटका देणारं यंत्र, आयसीडी, असेल तर चुंबकाजवळ त्याचे झटके थांबू शकतात, ते जास्त गंभीर. बाबांचं नेमकं कोणतं यंत्र आहे ते त्यांच्याजवळच्या कार्डावर लिहिलेलं असतं. ते घेऊन त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. सध्याचा फोनही वरच्या डाव्या खिशात नको, आणि कानाला उजव्या.

रातांबा

+१ स्टेथो. आणि मूळ दुखणं "कॉल बंद होत नाही" एवढंच असेल तर फोन बदलायची गरजच नाही. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पॉवर बटण दाबून कॉल संपवायची सोय असते. कॉल सेटिंगमध्ये किंवा ॲक्सेसिबिलिटीत शोधा. माझ्या सासऱ्यांना लावून दिलंय. बटण दाबायचं, विषय संपला.

अवांतर: मासळीवालीचा भाव काय निघाला शेवटी?

आर्द्रा

स्टेथो, मी ते वाक्य लिहिलं आणि पुढे गेले, माझ्या डोक्यात फक्त खिशाची लांबी-रुंदी होती. काल कार्ड पाहिलं, साधा पेसमेकर आहे, आयसीडी नाही. डॉक्टरांच्या सहायकांशी फोनवर बोलले. त्यांनीही खिसा नको, मिटणारा तर नकोच असं सांगितलं. बाबांसाठी आता कापडी पिशवी शिवतेय, कमरेला, उजवीकडे. त्यांना ती मुळीच पसंत नाही, "कंडक्टर दिसतो" म्हणाले.

रातांबा, सेटिंग सापडलं. व्हिडिओ कॉलवरून बाबांना समजावताना माझा जीव अर्धा झाला, पण लागलं. पॉवर बटणाने कॉल बंद होतोय. (सुरमई. भाव ऐकू आला नाही, तेवढ्यात त्यांनी बटण दाबलं.)

आता प्रश्न माझा. फोन आत्तेभावाकडे पडून आहे आणि मला मोह होतोय. दुसरा फोन म्हणून, कॉल आणि फोटोंपुरता. बघायला जाईन तेव्हा काय तपासू?

मी_डोंबिवलीकर

पूर्ण पांढरं चित्र लावा आणि नंतर पूर्ण काळं. घडीवर रेघ, ठिपका, हिरवट पट्टा दिसला तर घेऊ नका. हळूच उघडमिट करा आणि कान लावा, कचकच आवाज आला तर आत वाळू गेली आहे. ९० अंशांच्या आसपास सोडून बघा, स्वतःहून खाली पडत असेल तर बिजागरी सैल झाली. घडीवर बोट फिरवून तिथे स्पर्श नीट लागतो का पाहा. त्याचं गूगल आणि सॅमसंग खातं त्याच्यासमोरच काढायला लावा, मगच रीसेट, नाहीतर पासवर्डसाठी त्याच्या मागे लागावं लागेल. आणि पैसे द्यायच्या आधी अधिकृत सेवा केंद्रात आतल्या पडद्याचा आजचा भाव विचारा, आणि तो पडदा अजून मिळतो का तेही.

जुनाजाणता

गूगल पे मात्र त्यावर टाकू नका.